नववीच्या पोरांनी नाटक लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं

गॅदरिंग जवळ आलं की आमच्या बेळगावकडच्या मराठी शाळांमधून एक गोष्ट ठरल्यासारखी होते. नववी-दहावीतल्या चार चुणचुणीत मुलांना बोलावून सांगतात, यंदा नाटक तुम्हीच लिहा. मग ती मुलं कुणाच्या तरी ओळखीनं माझ्याकडे येतात आणि वही उघडून पहिलाच प्रश्न विचारतात, टीचर, विषय कोणता घेऊ? मी तोंड उघडायच्या आत वहीत यादी तयार असते, पाणी वाचवा, झाडे लावा, मोबाईलचे दुष्परिणाम, व्यसनमुक्ती, लेक वाचवा. विषय सगळे चांगलेच आहेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण विषयावर निबंध लिहितात, भाषण ठोकतात. नाटक लिहायला माणूस लागतो, आणि तोसुद्धा असा की ज्याला आत्ता, या घटकेला, समोरच्याकडून काहीतरी पाहिजे आहे आणि समोरचा ते देत नाहीये.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. बाकी प्रवेश, संवाद, शेवट हे त्यातनंच निघतं, म्हणून मी मुलांना आधी तेच विचारते की तुझ्या नाटकात कुणाला काय पाहिजे? मुलं सांगतात, त्याला समाज सुधारायचाय. मी म्हणते असं नको, हातात धरता येईल असं सांग. त्याला काय पाहिजे, कुणाकडून पाहिजे, आणि आजच का पाहिजे. उद्या मिळालं तरी चालत असेल तर ते नाटक उद्याच लिही.

याचा अर्थ नाटकात सामाजिक प्रश्न नको असा अजिबात नाही. गोविंद बल्लाळ देवलांचं 'शारदा' १८९९ सालचं, म्हाताऱ्या नवऱ्याशी लहान मुलीचं लग्न लावायची जी रीत होती तिच्यावरचं. देवल आपल्या बेळगावात शिकले, इथंच मास्तर होते, हे मी मुलांना मुद्दाम सांगते, कारण नाटककार म्हणजे पुण्या-मुंबईचे लोक असं आमच्या पोरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यांचे गुरू अण्णासाहेब किर्लोस्कर तर जन्मानेच आमच्या जिल्ह्यातले, सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' करून ज्यांनी संगीत नाटक उभं केलं ते हेच. तर 'शारदा' बघा कसं बांधलंय. भुजंगनाथाला या वयात बायको पाहिजे. कांचनभटाला पैसे पाहिजेत, त्यासाठी पोटची पोर द्यायला तो तयार आहे. लग्न जुळवणाऱ्या भद्रेश्वर दीक्षिताला आपली दलाली पाहिजे. आणि शारदेला यातनं सुटायचंय. चार माणसं, चार मागण्या, एकाला मिळालं की दुसऱ्याचं जातं. ही रीत वाईट आहे हे प्रेक्षकाला बाहेरून पढवायची गरजच उरत नाही, त्याला ते समोर दिसत असतं आणि पोटात कालवत असतं.

आमच्या मुलांना हे समजायला थोडं जड का जातं त्याचं एक कारण मला वाटतं आपले देखावे. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्यांनी बघितलीय त्यांना कळेल. रात्रभर एकेक मंडळाचा चित्ररथ येत असतो, ट्रॉलीवर जिवंत देखावा, आवाज आधी स्टुडिओत रेकॉर्ड केलेला, निवेदक खणखणीत आवाजात सगळा प्रसंग सांगतो आणि पोरं त्यावर हालचाली करतात. गणपतीतही तसंच. मला हे देखावे मनापासून आवडतात, आमच्या गल्लीतल्या कितीतरी पोरांची स्टेजची भीती त्या ट्रॉलीवरच गेलीय. पण देखाव्यात सगळं काम निवेदक करतो. कोण कोण आहे, काय झालंय, मनात काय चाललंय, सगळं तोच सांगून टाकतो. नाटकात निवेदक नसतो, आणि सूत्रधार ठेवला तरी त्यानं सगळं सांगून टाकायचं नसतं. म्हणून ज्या मुलांनी फक्त देखावे केलेत ती नाटक लिहायला बसली की पात्रांच्याच तोंडात निवेदन घालतात. 'अरे सुरेश, तू तर माझा बालमित्र, आपण दोघं एकाच गावात वाढलो आणि आता तू शहरात नोकरीला असतोस.' कोण बोलतं असं? सुरेशला हे सगळं माहितीच आहे की. तो प्रेक्षकाला सांगायचा निरोप आहे, सुरेशच्या पाठीवर लादलेला.

आता एक उदाहरण जरा जवळून बघू. मागे एका गावातल्या मुलांबरोबर बसून आम्ही एक छोटा प्रवेश केला होता. आठवीत शाळेतनं सायकली मिळायच्या, सरकारी योजनेतल्या, आठवत असतील. तर घरात एक सायकल, ती मुलीच्या नावानं मिळालेली. मुलगी रेणू. पण तिचा थोरला भाऊ परशा पहाटे ती सायकल घेऊन शहरात दूध घालायला जातो आणि तो परत येईपर्यंत शाळा भरलेली असते, म्हणून रेणू चालत जाते आणि तिला रोज उशीर होतो. हे मुलांनीच सुचवलं, आणि सुचवल्यावर वर्गात जी कुजबुज झाली त्यावरनं कळलं की हे कुठल्या तरी घरातलं खरं आहे. मुलांनी पहिल्यांदा लिहिलं ते असं.

रेणू : दादा, मला शाळेला रोज उशीर होतो. ही सायकल माझी आहे. ती मला परत दे.
परशा : नाही देणार. घरची परिस्थिती तुला माहीत आहे ना? मला दूध विकायला जावं लागतं.
रेणू : पण शिक्षण हा माझा हक्क आहे!
परशा : तू माझे डोळे उघडलेस, बहिणी.

चुकीचं यात काही नाही पण चार ओळीत संपलं. जे पाहिजे ते मागितलं, नाही म्हटलं, भाषण झालं, डोळे उघडले. मी मुलांना दोन अटी घातल्या. एक, 'सायकल माझी आहे' हे वाक्य कुणीही म्हणायचं नाही, शिक्षण आणि परिस्थिती हे दोन शब्दही नकोत. दुसरी, रेणूनं भाऊ यायच्या आधीच काहीतरी करून ठेवलेलं असलं पाहिजे. एक मुलगी लगेच म्हणाली, हवा सोडू टीचर. वर्ग एकदम जागा झाला. मग जवळजवळ अख्खी दुपार घालवून जे तयार झालं ते खाली देते.

(पहाट. घराचा सोपा. सायकल भिंतीला टेकवलेली. रेणू उंबऱ्यावर बसून वेणी घालतेय, शेजारी दप्तर. परशा आतून दुधाचे दोन कॅन घेऊन येतो.)

परशा : आज लवकर उठलीस.
रेणू : झोप येईना.
परशा : (कॅन हँडलला अडकवत) गणिताचा पेपर हाय काय?
रेणू : नाय. मराठीचा.
(परशा सायकल ओढतो. मागचं चाक बसलेलं. तो खाली वाकून टायर दाबून बघतो.)
परशा : काल सांजच्याला हवा भरलोय की मी.
रेणू : पंक्चर असंल.
परशा : असंल. पंप कुठाय?
रेणू : मी बघितलो नाय.
परशा : खुंटीला होता.
रेणू : शेजारच्या काकू न्हेल्या असतील.
परशा : त्यांच्याकडं सायकल कुठाय?
(रेणू घातलेली वेणी सोडते आणि पहिल्यापासून घालायला लागते. परशा तिच्याकडं बघत उभा.)
परशा : साडेसहाच्या आत दूध पोचलं नाय तर उद्यापासनं येऊ नको म्हणालाय हॉटेलवाला.
रेणू : प्रार्थना सुरू झाली की आमच्या शाळेचं गेट लावत्यात.
(दोघं गप्प. परशा कॅन हँडलवरनं काढून हातात घेतो.)
परशा : चालत गेलो तर तासभर.
रेणू : मला पाऊण.
(परशा निघतो. दारात थांबतो, दप्तराकडं बघतो, काही न बोलता जातो. रेणू दप्तर उघडून पंप बाहेर काढते. सायकलजवळ जाते. पंप हातात धरून तशीच उभी राहते.)

बघा, भांडण एका शब्दानंही झालं नाही आणि पूर्ण झालं. नाटकाच्या शिकवण्यात पोटातलं बोलणं आणि ओठावरचं बोलणं म्हणतात ते हेच. तोंडानं पंप, पंक्चर, पेपर चाललंय, आत चाललंय ही सायकल कुणाची. नववीतल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही खरं तर, कारण घरात ती रोज हेच करतात. सहलीला पैसे पाहिजे असले तर कुठलं पोर सरळ पैसे मागतं? आधी भांडी घासून ठेवतं, मग आईच्या मागंमागं फिरतं, मग वर्गातलं कोण कोण जाणार आहे ते सांगतं. फक्त कागदावर लिहायला बसलं की ही अक्कल कुठं जाते कोण जाणे, आणि सगळे सभेत बोलल्यासारखे बोलायला लागतात.

अजून एक बघा. यात वाईट कुणीच नाही. परशाचं गिऱ्हाईक जाईल, रेणूची शाळा जाईल, दोघंही खरे आहेत. मुलांच्या नाटकात पहिल्या ओळीपासून एक जण दुष्ट असतो, बहुतेक वेळा सावकार नाहीतर दारूडा बाप, आणि मग प्रेक्षकाला काही कामच उरत नाही, पहिल्या मिनिटाला ठरलं कुणाच्या बाजूनं बसायचं ते. त्याऐवजी दोघांच्याही बाजूनं लिहा. मी एक करायला लावते, तोच प्रवेश आधी रेणू होऊन लिहायचा, मग परशा होऊन. ज्या मुलाला परशा आवडत नव्हता त्यालाच परशा लिहायला द्यायचा. एकानं परशाचं लिहिताना मनानंच घातलं की यानं दहावीत असताना शाळा सोडली आणि त्याचंही दप्तर त्याच खुंटीला लटकायचं. ते आम्ही संवादात कुठंच घातलं नाही, पण परशा करणाऱ्या मुलाला ते माहिती असल्यामुळं दारात थांबून दप्तराकडं बघायचं तो ज्या पद्धतीनं बघायला लागला ते वेगळंच झालं. असं बरंच काही नाटककाराला माहिती असावं लागतं जे कागदावर येत नाही.

त्या दुपारी एक मोठा वाद झाला तो मला फार आवडला. रेणूनंच हवा सोडलीय हे प्रेक्षकाला कधी सांगायचं? वर लिहिलंय तसं शेवटी पंप बाहेर काढला तर प्रेक्षकाला धक्का बसतो, एकदाच. पण दुसऱ्या गटाचं म्हणणं, पडदा उघडला की आधी रेणू एकटी, ती हवा सोडते, पंप दप्तरात कोंबते, आणि मग परशा येतो. म्हणजे आता प्रेक्षकाला माहिती, परशाला नाही, आणि परशा 'पंप कुठाय' म्हणाला की सगळ्यांची नजर दप्तरावर. आम्ही दोन्ही करून बघितलं. दुसऱ्यात मुलं श्वास धरून बसली होती, दप्तर जरा हललं तरी हूं व्हायचं. पहिल्यात शेवटी सगळे एकदम अरे म्हणाले. माझं मत दुसऱ्याच्या बाजूनं आहे, कारण धक्का क्षणाचा आणि ताण अख्ख्या प्रवेशाचा, पण शेवट उभा राहतो पहिल्यात जास्त चांगला. तुम्ही तुमच्या नाटकात दोन्ही करून बघा, फक्त हे ठरवल्याशिवाय पुढं जाऊ नका की कुणाला काय कधी कळतं.

आता भाषेचं. वरचा प्रवेश वाचून बाहेरच्या कुणाला वाटेल मुलगी 'मी बघितलो' कशी म्हणते, छापताना चुकलं काय. आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात, 'आई, मी जातो गं' म्हणूनच बाहेर पडतात. आणि हीच मुलं वर्गात, रस्त्यावर दिवसभर 'काय करूलालास', 'कुठं जाऊलालीस' करत असतात आणि नाटकाच्या वहीत मात्र 'तू काय करीत आहेस' लिहितात. कारण त्यांना वाटतं नाटकाची भाषा शुद्ध पाहिजे. मास्तर पात्र असेल, वकील असेल, रेडिओवरच्या बातम्या असतील तर लिही की शुद्ध, त्याला तेच शोभेल. पण दूध घालणारा परशा 'उद्यापासून येऊ नकोस असे उपाहारगृहाच्या मालकांनी सांगितले आहे' म्हणाला तर तो परशा राहत नाही. एकेका पात्राची बोलायची ढब वेगळी ठेवायची, एवढी वेगळी की नावं झाकून वाचलं तरी कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. ही परीक्षा मी प्रत्येक वहीवर करते, नावांवर पट्टी ठेवून.

मग हमखास प्रश्न येतो, टीचर, कन्नड वाक्य चालतंय काय? येळ्ळूरच्या, कडोलीच्या, निपाणीच्या मुलाला हा प्रश्न पडणारच, दुकानात एक भाषा, घरात एक, बसमध्ये तिसरीच. चालतंय की. कंडक्टर कन्नड बोलणार, बाजारातली भाजीवाली दोन्ही बोलणार, आणि आमची आजी तिच्याशी घासाघीस करताना मराठीतनं सुरू करून आकड्यावर आली की कन्नडमध्ये जाणार. ते तसंच लिहा. फक्त एवढं बघा की ज्या वाक्यावर कथा उभी आहे ते सगळ्या प्रेक्षकांना कळलं पाहिजे, नाहीतर समोरच्या पात्राच्या उत्तरातनं ते उलगडलं पाहिजे. आणि एका भाषेचं माणूस म्हणजे हसण्यासाठी, असं कधीच करू नका, मला ते अजिबात पटत नाही. मराठी नाटकाची सुरुवात जिथनं सांगतात ते विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर', १८४३ साली सांगलीत झालेलं, ते सुचलंच मुळी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे, म्हणजे गाऊन-नाचून पुराणकथा करणाऱ्यांचे, खेळ सांगलीत झाले त्यावरनं. आमच्या सीमाभागातल्या पोरांनी तर हे छातीठोकपणे सांगावं.

जागेबद्दल. मुलं पाच प्रवेश लिहितात, घर, शाळा, शेत, दवाखाना, परत घर. शाळेच्या स्टेजवर प्रत्येक वेळी पडदा पडतो, आत बाकं ओढल्याचा आवाज, पुढं प्रेक्षक गप्पा सुरू करतात, आणि ती गप्प व्हायला पुढच्या प्रवेशाची दोन मिनिटं जातात. वीस मिनिटांच्या नाटकात एकच जागा घ्या. पण ती जागा अशी निवडा की तिथं माणसं आपोआप येतात-जातात आणि थांबावंही लागतं. रेशनचं दुकान, नळाचं कोंडाळं, सीबीटीवरचा म्हणजे बस स्टँडवरचा बाक, झेरॉक्सचं दुकान, पिठाची गिरणी. गिरणी मला फार आवडते, कारण तिथं ओरडूनच बोलावं लागतं. आता विचार करा, दोघांना एक गुपित बोलायचंय आणि जागा गिरणीची आहे, गिरणी चालू असली की ओरडावं लागणार आणि अचानक लाईट गेली की शेवटचा शब्द सगळ्यांना ऐकू जाणार. जागेनंच अर्धं नाटक लिहून दिलं. आमच्याकडं लाईट जायला कारण शोधावं लागत नाही.

पात्रं किती? नाटककाराला विचाराल तर दोन ते पाच. पण शाळेत तसं चालत नाही हे मला माहितीय, वर्गात चाळीस पोरं आणि प्रत्येकाच्या घरचे बघायला येणार. त्यावर उपाय म्हणून प्रत्येकाला एकेक वाक्य वाटत सुटू नका, तसं केलं की नाटक हजेरीपटासारखं होतं. त्यापेक्षा गर्दीला एक पात्र करा. रांगेतली सगळी माणसं मिळून एकच मागणी करतात, दुकान उघडा. ती एकत्र हलतात, एकत्र गप्प होतात, आणि त्यातनं एखादाच मध्येच फुटून दुसऱ्या बाजूला जातो. पंधरा-वीस पोरं स्टेजवर राहतात, प्रत्येकाला काम असतं, आणि कथा तीन-चार माणसांचीच राहते.

कागदावर मांडायची पद्धत सोपी आहे, त्यात फार वेळ घालवायला नको. पहिल्या पानावर नाव, पात्रं आणि त्यांचं एकमेकांशी नातं, स्थळ, वेळ. मग प्रवेश. पात्राचं नाव डावीकडं, पुढं संवाद. रंगसूचना कंसात आणि वर्तमानकाळात, तो येतो, ती बसते. रंगसूचनेत फक्त दिसेल आणि ऐकू येईल तेच लिहायचं. 'रेणूला आपल्या लहानपणीची आठवण येते' हे कंसात लिहिलंत तर रेणू करणारी मुलगी काय करणार बिचारी? आठवण आलेली दिसायची असेल तर तिला काहीतरी करायला द्या, वेणी सोडून परत घालायला द्या. आणि प्रत्येक ओळीला 'रागाने', 'दुःखाने', 'हळू आवाजात' असं चिकटवत बसू नका, वाक्य बरोबर असलं तर राग आपोआप येतो. वेळेचा ढोबळ हिशोब म्हणजे टाईप केलेलं एक पान साधारण एक मिनिट, पण हाताने लिहिलेल्या वहीवर तो चालत नाही, म्हणून मोबाईलवर वेळ लावून हालचालींसकट वाचा. प्रतिभा कारंजी ही कर्नाटकातली सरकारी शालेय कलास्पर्धा असो नाहीतर गावातली स्पर्धा, वेळ ओलांडली की चांगलं नाटकसुद्धा जातं.

शेवटाचं मात्र जरा थांबून सांगते, कारण तिथं सगळ्यात जास्त नाटकं बसकण मारतात. रेणूच्या गोष्टीचा शेवट काय करायचा यावर पहिली सूचना आली ती, आई येते आणि दोघांना समजावते. दुसरी, गावचे सरपंच नवी सायकल देतात. दोन्हीत गडबड एकच आहे, गाठ ज्यांनी मारली त्यांनी ती सोडवली नाही, बाहेरनं कुणीतरी येऊन कापून टाकली. आई येऊ दे की, पण येऊन तिनं गुंता वाढवावा, म्हणजे समजा तिला माहितीच नाही भाऊ चालत गेलाय ते, आणि ती रेणूलाच म्हणते, आज हॉटेलवाल्याकडनं महिन्याचे पैसे मिळणार आहेत, तुझी फी भरायची होती न्हवं. आता रेणूच्या हातात पंप आहे आणि निवड तिचीच आहे. एका मुलानं सुचवलं, रेणू हवा भरते, सायकल घेऊन सुटते, वेशीजवळ परशाला गाठते, आणि तिथं दोघं पहिल्यांदा खरंखुरं, मोठ्यानं, जे इतके महिने बोलले नाहीत ते भांडतात, घड्याळ चालू असताना. मला हे फार बरोबर वाटलं. आधीचा प्रवेश गप्प होता म्हणून हा आरडाओरडा आता ऐकावासा वाटतो. त्यानंतर सायकल कोण नेतं हे त्या मुलांनी ज्याच्या त्याच्या परीनं लिहिलं आणि प्रत्येक वहीत वेगळं झालं.

आणि हो, 'हेडमास्तर म्हणतात शेवटी संदेश पाहिजेच' ही अडचण मला प्रत्येक शाळेतली मुलं सांगतात. सगळ्यांनी पुढं येऊन ओळीत उभं राहून घोषणा द्यायची, हे मला पटत नाही हे मी मुलांना स्पष्ट सांगते, पण मुलांनी सरांशी भांडावं असंही मला वाटत नाही. त्यावर एक वाट आहे. संदेशाचं वाक्य अशा पात्राच्या तोंडी घाला ज्याला ते बोलण्यात काहीतरी मिळवायचंय. हॉटेलवालाच परशाला म्हणू दे, 'अरे बहिणीला शिकव की चांगलं, शिक्षणासारखं दुसरं काय न्हाय', आणि असं म्हणत म्हणत दुधाचा दर लिटरमागं रुपयानं कमी करू दे. वाक्य सरांना ऐकू आलं, नाटकही चालू राहिलं, आणि प्रेक्षकाला त्या वाक्याचं वजन आणि पोकळपण दोन्ही कळलं.

लिहून झालं की लगेच पाठांतराला देऊ नका. आधी वाचन. लिहिणाऱ्यानं स्वतः वाचायचं नाही, तो मनातलं वाचतो, कागदावरचं नाही. दुसऱ्यांना वाटून द्या आणि लिहिणाऱ्यानं वही-पेन्सिल घेऊन मागं बसावं. वाचणारा जिथं अडखळतो तिथं वाक्य लांब आहे. ऐकणारी पोरं जिथं चुळबुळ करतात तिथं पात्रांना जे पाहिजे होतं ते विसरलं गेलंय, मग तो भाग कितीही आवडता असला तरी काढायचा. बोलायला लागून काही समजावून सांगायचा मोह होईल, 'इथं असं अभिप्रेत आहे' वगैरे, तो टाळायचा, कारण प्रयोगाच्या दिवशी तुम्ही प्रेक्षकाच्या कानात सांगायला जाणार नाही. खुणा करून घ्या, घरी जाऊन परत लिहा, परत वाचा. आमच्याकडं गावोगावी जत्रेला नाटकं होतात, त्यातल्या जुन्या मंडळींच्या वह्या कधी मिळाल्या तर जरूर बघा, खोडून खोडून मूळ अक्षर दिसत नाही इतकी खाडाखोड, आणि समासात प्रॉम्प्टरनं लिहिलेलं, इथं टाळी येते, थांब.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ज्या शाळांना वाचनाला बसायचंय त्यांनी पंधरा-वीस पानांच्या वर आणू नये, आणि पहिल्या पानावर पात्रांच्या नावापुढं त्याला कुणाकडून काय पाहिजे ते एका ओळीत लिहून आणावं. ती ओळ लिहिता येत नसेल त्या पात्रापाशी आपण आधी बसू.